दोर धरून उभा असलेला माणूस

सोनाळा, ता. संग्रामपूर
९ जानेवारी २०१०

आदरणीय देवानंदकाका यांना मयुरीचा सविनय जयभीम.

तुमचा फोन नंबर आईकडून घेतला होता, पण मुद्दाम फोन केला नाही. हे मला बोलून सांगता आलं नसतं. मेहकरचा स्टुडिओ बंद करून तुम्ही उंद्रीला शेतीवर आलात, हेही आईनंच सांगितलं. काकू बऱ्या असतील.

माझी सुमेधा पहिलीत आहे. मार्चमध्ये सहा पूर्ण होतील. मागच्या आठवड्यात शाळेत विचारलं, कोणाचे बाबा काय करतात. ही उभी राहून म्हणाली, "माह्ये बाबा हापिसर होते." वर्ग हसला. घरी येऊन रडली नाही, भांडली. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणे, "कोट हाये ना? टाय हाये ना? मंग हापिसर नाही तं कोण?" सासूबाई म्हणाल्या, "अवं माय, त्याच्या अंगात धड सदरा नव्हता." तेव्हापासून ती आजीशी बोलत नाही.

तो फोटो तुम्हीच करून दिला होता, काका. ते गेले तेव्हा घरात त्यांचा फोटो म्हणून मतदानाचं ओळखपत्र तेवढं होतं. आमचं लग्न सामूहिक मेळाव्यात झालं, बावीस जोडप्यांचा मिळून एक फोटो. त्यात ते तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी फेट्यामागे आहेत. तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या लग्नाच्या ऑर्डरवर होता, म्हणून आम्हाला वेगळा फोटो मिळाला नाही.

कोटाचं मला काही वाटत नाही. इकडे सगळ्याच घरांत गेलेल्या माणसाला फोटोत कोट घालतात. मला डोळ्यांचं वाटतं. ते डोळे मला त्यांचे वाटत नाहीत. पहिल्या वर्षी तर खात्रीच होती. पण पाच वर्षं रोज तो फोटो पुसते आहे, आणि आता डोळे मिटले की फोटोतलेच डोळे समोर येतात. त्यांचे कसे होते, ते आठवेनासं झालं आहे. मीच विसरले का? फोटो कसा चुकेल?

विचारायचं ते हे. ते गेले त्या वर्षी जानेवारीत एका बियाण्याच्या कंपनीचा ट्रक गावोगाव फिरत होता, गरम हवेचा मोठा फुगा घेऊन. ते बारा दिवस त्याचा दोर धरायच्या कामाला होते. मेहकरला फुग्याचे फोटो तुम्ही काढले, असं ते सांगत आले होते. त्यातल्या एखाद्यात ते असतील का? कोपऱ्यात असले तरी चालतील. सुमेधाला एकदा कोटाशिवाय बाप दाखवायचा आहे. आणि मलाही.

तुमची,
मयुरी

•

उंद्री, ता. चिखली
१८ जानेवारी २०१०

चि. मयुरी हिला देवानंदकाकाच्या मंगल कामना.

तुझं पत्र परवा, शनिवारी मिळालं. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी. इथं शुक्रवारी सगळी शाळा मैदानात होती. पोरं डोळ्याला निगेटिव्हच्या पट्ट्या लावून सूर्य पाहत होती. कोणी म्हणे बिस्किट खाल्ल्यासारखा दिसते, कोणी म्हणे विळ्यासारखा. तुझी सुमेधा असती तर तिलाही मजा वाटली असती.

फुग्याचे फोटो मी काढले होते, हे खरं. पण चांगले प्रिंट कंपनीची माणसं घेऊन गेली. निगेटिव्ह सहा वर्षं टिकत नाहीत. ओल लागते, बुरशी धरते. त्या आशेवर तू राहू नयेस असं मला वाटतं.

डोळ्यांचं म्हणशील तर माणसाची आठवण दमते, बाई. मला माझ्या वडिलांचा आवाज आठवत नाही. भिंतीवर जो चेहरा आहे तोच आपला मानावा आणि चित्त शांत ठेवावं. सुमेधा मोठी होईल तसं तिलाही समजेल. तुझ्या आईजवळ तिच्यासाठी वह्या देऊन ठेवल्या आहेत.

तुझा,
देवानंदकाका

•

सोनाळा
३० जानेवारी २०१०

आदरणीय काकांना जयभीम.

पत्र मिळालं. तुम्ही म्हणता तसंच करीन. तुमच्यासारख्या फोटोच्या धंद्यातल्या माणसानं सांगितल्यावर मी आणखी काय धरून बसणार.

त्या फुग्याचं मात्र एक मनात राहिलं होतं, ते लिहून टाकते. मला तेव्हा सातवा महिना होता, मी काही कुठं गेले नाही. ते बारा दिवसांनी कंपनीची टोपी घालून आले आणि चुलीपाशी बसून सांगत राहिले. दिवस बुडता बुडता टोपलीवरचा गॅसचा जाळ सोडला की अख्खा फुगा आतून कसा पेटल्यासारखा दिसतो. त्याच्यावर काढलेलं कापसाचं बोंड आपल्या घराएवढं. "मयुरे, तू पाह्यलं असतं तं जेवन इसरली असती." पोर झालं की तिघं मिळून पाहायला जाऊ म्हणाले. मग हसून म्हणे, "तुह्या काकाले म्या फोटो काढाले शिकोलं." मी म्हटलं, काहीबी फेकून राह्यले तुम्ही. ते म्हणे, "नाही वं, इचार त्यायले."

मी तेव्हा विचारलं नाही. पोर झाली, तिच्यात गुंतले. ऑगस्टमध्ये ते दुसऱ्याच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणीला गेले आणि परत आले ते बैलगाडीत. त्या बियाण्याच्या पऱ्हाटीला बोंडअळीचं औषध लागणार नाही असं फुग्यावर लिहिलेलं होतं. ते खरंच लागलं नाही. पण त्या वर्षी तुडतुडे आले, त्यांच्यासाठी फवारलं. मी कोणाला काही म्हणत नाही. नुसतं सांगते.

त्यांना थट्टेची सवय होती. म्हणून तुम्हालाच विचारते, ते शिकवल्याचं खरं होतं का खोटं? एवढं कळलं तरी मला त्यांचं नवीन काहीतरी मिळाल्यासारखं होईल. आता त्यांचं नवीन काही मिळत नाही.

सुमेधा भिंतीवरच्या फोटोला आता 'हापिसर' म्हणते. काल हार बदलताना म्हणाली, "आई, हापिसरचा हार वाकडा झाला."

तुमची,
मयुरी

•

उंद्री
९ फेब्रुवारी २०१०

चि. मयुरी,

तुझं दुसरं पत्र आल्यापासून सकाळच्या वंदनेत माझी जीभ एका जागी अडते आहे. पंचशील आपण लहानपणापासून म्हणतो, झोपेतून उठवलं तरी म्हणू. पण चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की माझा आवाज खाली जातो. विहारात शेजारी बसणारे आजोबा परवा म्हणाले, "देवा, घसा बसला का बे?" मी 'हाव' म्हटलं. तेही खोटंच.

तुझ्या नवऱ्यानं मला शिकवलं. हे खरं आहे.

मेहकरला स्टँडमागच्या मैदानावर दोन दिवस फुगा होता. कंपनीला तो संध्याकाळचा हवा होता, उजेड कमी झाल्यावर. मी वीस वर्षं लग्नं काढलेला माणूस. अंधार म्हणजे फ्लॅश, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी सगळा रोल मी फ्लॅश मारून काढला. सकाळी धुऊन पाहतो तर पुढे उभ्या असलेल्या लोकांच्या पाठी पांढऱ्याफटक आणि मागं फुगा म्हणजे काळपट चिंधी. आमच्या शेजारी फकीर मोहम्मदचं फोटोफ्रेमचं दुकान. त्यानं एक प्रिंट हातात धरला आणि म्हणाला, "देवाभाऊ, हा फुगा हाये का वाळत घातलेला परकर?" कंपनीच्या माणसाला हसू आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा फ्लॅश लावत होतो. तुझे सहदेवराव दोर धरून जवळच उभे होते. मला म्हणाले, "काका, राग नका मानू. तो तुमचा दिवा नका लावू ना. त्याच्या पोटात हाये ना दिवा. तुम्ही उजेड पाडता अन् तो बिचारा लाजते."

मला राग आला. दोर धरणाऱ्यानं मला सांगावं! पण दुसरा उपाय नव्हता. फ्लॅश काढला, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला आणि वरचा जाळ सुटला की एक म्हणेपर्यंत कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवत गेलो. त्या दिवशी फुगा आला, मयुरी. आतून उजळलेला, विहारातल्या मेणबत्तीच्या ज्योतीसारखा. कंपनीनं तो फोटो कॅलेंडरवर छापला. लोकांनी विचारलं, हे कसं काढलं. मी म्हटलं, अनुभव असतो. सहदेवरावांचं नाव मी कोणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर तर मुळीच नाही.

आता डोळ्यांचं. ओळखपत्रावरचा फोटो नखाएवढा, भिंगाखाली धरला तेव्हा त्यात त्यांचे डोळे मिटलेले दिसले. मिटल्या डोळ्यांचा फोटो मी कसा देणार होतो? मी ब्रशनं डोळे काढले. त्या दोन-तीन वर्षांत असे फोटो माझ्याकडे महिन्याला चार-पाच यायचे. शेतात राबणारे, तरणेच गेलेले. कोणाचा ओळखपत्रावरचा, कोणाचा पासबुकावरचा. घरचे लोक दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे आणि मी आत डोळे काढायचो. हात बसला होता. कोट एकच होता आणि डोळेही एकच होते. मेहकरपासून तुझ्या सोनाळ्यापर्यंत कितीतरी भिंतींवरून एकच माणूस पाहतो आहे, आणि तो कोणीच नाही.

तू विसरली नाहीस. फोटो चुकला. तुला लिहिलं की आठवण दमते, ते लिहिताना मला हे सगळं ठाऊक होतं.

आणि निगेटिव्ह सहा वर्षं टिकतात. चांगली वीस टिकतात. स्टुडिओतून तीन पेट्या आणल्या होत्या. आमच्या शाळेच्या पुष्पाबाई मॅडम ग्रहणाआधी दोन दिवस आल्या, पोरांना दाखवायचं आहे म्हणाल्या. मी तिन्ही पेट्या बैलगाडीत घालून दिल्या. निगेटिव्हमधून सूर्य पाहू नये, डोळ्याला अपाय होतो, असं पेपरात आलं होतं. पण आम्ही लहानपणी तसंच पाहिलं होतं, कोणी ऐकलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पट्ट्या पोरांच्या खिशात होत्या, गटारीत होत्या, एक तर आमच्या म्हशीच्या दावणीत सापडली. हे तुला कसं लिहू, म्हणून ते पत्र लिहिलं.

आज विहारात मेणबत्ती लावताना मात्र एक गोष्ट सुचली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजेड काळा, अंधार पारदर्शक. मांडवात फ्लॅश मारून काढलेली पट्टी काळीभोर होते. संध्याकाळच्या अंधारात काढलेली पट्टी जवळजवळ कोरी राहते. तिच्यातून सूर्य पाहायला गेलं तर डोळे दिपतील. ती कोणतं पोरगं घेईल?

उद्या शाळेत जातो. नाही मिळालं तरी लिहीन. आता जे असेल ते लिहीन.

तुझा,
देवानंदकाका

•

उंद्री
२१ फेब्रुवारी २०१०

चि. मयुरी,

सोबतचं पाकीट आधी उघडलं असशील. नसेल तर आधी उघड, मग हे वाच.

पुष्पाबाई मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "त्या कोऱ्या पट्ट्या का, भाऊ? कोणीच घेईना त्या. 'मॅडम, याच्यातून तं सूर्य तसाच दिसते' म्हणून पोरं परत आणून देत होती. फेकल्या नाहीत, तुम्हाला लागतील म्हणून ठेवल्या." नकाशांच्या कपाटात, खाली, दोरीनं बांधलेलं बाड होतं. लोकांची लग्नं गेली, बारशी गेली, माझ्या वीस वर्षांच्या कामातलं उजेडातलं सगळं गेलं. अंधारातलं तेवढं राहिलं.

फुग्याचं पाकीट सातवं निघालं. कपाटापाशीच खिडकीसमोर एकेक पट्टी धरत गेलो. पहिल्या पट्ट्यांत फुगाच फुगा. मग एका पट्टीत खालच्या बाजूला एक तिरकी बारीक रेघ दिसली. दोराची. तिच्या टोकाला पट्टी नखाएवढी काळी होती. म्हणजे तिथं उजेड पडला होता. ती पट्टी मी वेगळ्या कागदात गुंडाळली.

मेहकरला जाऊन प्रिंट काढला. आता यंत्र असतं, ते स्वतःच फोटो उजळ करतं. पहिला प्रिंट आला तो राखेसारखा. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "काका, आणखी उजळ करू का?" मी म्हटलं, "उजळ नको बाबा. अंधार जसा होता तसा ठेव." चौथ्या वेळी जमलं.

तू पाहते आहेस तेच मी लिहितो, पण मला लिहू दे. पडदा एक म्हणेपर्यंत उघडा होता, आणि तेवढ्यात सगळे लोक हलले. म्हणून गर्दी धुक्यासारखी आली आहे. टोपलीतल्या माणसाला दोन डोकी आहेत. एकच माणूस हलला नाही, कारण तो हलला असता तर फुगा हलला असता. त्यानं टाचा जमिनीत रोवल्या आहेत, अंग मागं टाकलं आहे, टोपी उलटी घातली आहे, स्वेटरचं कोपर फाटलेलं आहे. वरच्या जाळाचा उजेड सगळा त्याच्या तोंडावर आहे. तोंड उघडं आहे. हसतो आहे की मला काही सांगतो आहे, ते मला ओळखता आलं नाही.

डोळे मी पुष्कळ वेळ पाहिले. ब्रश अजून घरात आहे. मी त्याला हात लावलेला नाही. हे डोळे त्यांचे की नाहीत, हे आता तू सांगायचं, मी नाही.

फकीर मोहम्मदकडे फ्रेमसाठी गेलो. तो म्हणाला, "तोंड तेवढं मोठं करून घे देवाभाऊ, हाराले बरं पडते." त्याचंही खरं होतं. मी मोजपट्टी लावून प्रिंट कापायलाही घेतला होता. पण तोंड घ्यावं तर दोर कापला जातो. मग राहू दिलं. फ्रेम त्यानं लांबट करून दिली आणि काच पुसताना मला विचारलं, कोण आहे हा? मी म्हटलं, माझा गुरू. तो हसला नाही.

माझ्याकडे आणखी अठराच घरांचे पत्ते उरले आहेत, ज्यांच्या भिंतींवर मी काढलेले डोळे आहेत. उरलेल्या पट्ट्या घेऊन बसलो आहे. कोणाच्या वरातीत, कोणाच्या यात्रेत, मागं अंधारात उभा असलेला एखादा सापडेलही. नाही सापडला तरी जाऊन सांगायचं ठरवलं आहे. पहिल्या घरी जाईपर्यंत पाय कसे उचलतील माहीत नाही.

तुझा,
देवानंदकाका

•

सोनाळा
२४ मार्च २०१०

आदरणीय काकांना सविनय जयभीम.

पाकीट आलं तेव्हा मी अंगणवाडीत कामावर होते. सासूबाईंनी फोडलं नाही. मी आल्यावर तिघींनी मिळून फोडलं.

उशीर झाला लिहायला, रागावू नका. इतके दिवस मी नुसती पाहत होते. डावा डोळा, काका. हसू यायच्या आधी त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा, आणि मग उजवा. फोटोत डावा बारीक झाला आहे आणि उजवा अजून व्हायचा आहे. म्हणजे ते हसणारच होते. हे मला ठाऊक होतं. मी विसरले नव्हते. मला नुसतं कोणी तरी तसं म्हणायला हवं होतं.

तुमच्यावर राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस होता. मग वाटलं, तुम्ही त्या पायरीवर बसलेल्या लोकांना डोळे मिटलेला माणूस कसा दिला असता. आणि त्यांनी तुम्हाला शिकवलं हे खरं निघालं. मी त्यांना म्हटलं होतं, काहीबी फेकता.

सासूबाईंनी फोटो मांडीवर घेतला आणि बोट फाटलेल्या कोपरावर ठेवलं. म्हणाल्या, "म्या म्हटलं होतं काढून दे, शिवून देतो. आयकलं नाही पोट्ट्यानं."

सुमेधानं आधी फुगा पाहिला, मग दोर पाहिला, मग दोरावरून बोट फिरवत खाली त्यांच्यापर्यंत आली.

"हे कोण?"

"तुह्ये बाबा."

"कोट कुठं गेला?"

"नव्हताच त्यायले कोट."

तिनं वर पाहिलं, भिंतीवर. पुन्हा खाली पाहिलं. मला वाटलं आता रडते. पण विचारलं, "यायनं सोडलं असतं तं तो फुगा उडून गेला असता?"

मी म्हटलं, हो.

"त्याच्यातला माणूस पण?"

"तो पण."

दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आली. वर्ग हसला नाही म्हणे. एकानं विचारलं, किती जाड दोर होता. आजीशी पुन्हा बोलायला लागली आहे.

काल तिचा वाढदिवस झाला. फोटो टांगला. सासूबाईंनी दोन हार आणले होते, एक जुन्या फोटोला, एक नव्याला. हापिसर काढायचा नाही असं सुमेधानंच ठरवलं. पाच वर्षं घरात राहिलेला माणूस आहे, कुठं जाईल तो, म्हणे. मी स्टुलावर चढून हार नव्या फोटोला घालायला गेले तर खालून तिनं माझं लुगडं ओढलं.

"आई, बाबाले नको."

"काऊन वं?"

"त्यायचे हात गुतले हायेत ना. हार सारखा कराले गेले तं दोर सुटन."

म्हणून काल दोन्ही हार हापिसरालाच घातले.

तुमची,
मयुरी